‘माझ्या मशीनवर तर चालतंय’: लिंकर नेमका कुठे अडतो?

तुमचा विषय भौतिकशास्त्र असो, समुद्रविज्ञान असो किंवा जीवशास्त्र, संशोधनात आज ना उद्या प्रोग्रॅम लिहावा लागतोच. आणि मग एक प्रसंग हमखास येतो. लॅबच्या मशीनवर वर्षभर सुरळीत बिल्ड होणारा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर बिल्डच होत नाही. कोडची एक ओळही बदललेली नसते. अशा वेळी बहुतेक जण नवीन मशीनला दोष देतात, ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकतात किंवा जुन्या मशीनवर परत जातात.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे: अशा वेळी नवीन मशीन बिघडलेलं नसतं. बऱ्याचदा खरं बोलणारं तेच असतं, आणि जुनं मशीन तुमची एक उणीव गुपचूप झाकत असतं. ती उणीव शोधायची कशी, ते एका उदाहरणावरून बघू.

(एक सूचना: आज्ञा आणि एरर मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

प्रकरण काय होतं

रत्नागिरीत एमएससी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रोजेक्ट होतं भाट्याच्या खाडीच्या मुखाशी येणाऱ्या भरती-ओहोटीवर. भरतीचं गणित दिसायला सोपं असतं. पाण्याची उंची म्हणजे सरासरी पातळी अधिक बऱ्याच कोसाइन लाटांची बेरीज. प्रत्येक लाटेचा आवर्तकाळ ठरलेला: चंद्रामुळे येणारी मुख्य लाट १२.४२ तासांची, सूर्यामुळे येणारी १२.०० तासांची, आणि अशा आणखी कितीतरी. म्हणजे प्रोग्रॅमचा जीव ‘कॉस’ या एका फंक्शनमध्ये. प्रोग्रॅम सी भाषेत, फाइलचं नाव भरती.सी.

लॅबमधल्या मशीनवर डेबियन होतं. तिथे सगळं व्यवस्थित. पण ते मशीन महिन्याभरात बदललं जाणार होतं आणि सबमिशनला आठ दिवस उरले होते. म्हणून तिने तोच फोल्डर स्वतःच्या उबुंटू २०.०४ असलेल्या लॅपटॉपवर आणला आणि मेक चालवलं. उत्तर आलं:

‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू कॉस’
‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’

तिचा प्रश्न साधा होता: “दादा, कोड तोच, आज्ञा तीच, कंपायलरपण जीसीसीच. मग एरर आली कुठून?”

प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तर मिळवायला आधी हे कळलं पाहिजे की तक्रार नेमकं कोण करतंय.

तिघं जण, तीन कामं

‘जीसीसी’ म्हटलं की एकच प्रोग्रॅम डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात पडद्यामागे वेगवेगळे लोक काम करत असतात.

पहिला कंपायलर. तो तुमच्या सी फाइलचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो आणि ऑब्जेक्ट फाइल बनवतो. ‘कॉस’ कुठे आहे हे त्याला माहीत नसतं, आणि त्याची फिकीरही नसते. तो फक्त चिठ्ठी लिहून ठेवतो: इथे ‘कॉस’ नावाचं काहीतरी लागेल, पत्ता नंतर भरा.

दुसरा लिंकर, म्हणजे एलडी. तो सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्स आणि लायब्ररी एकत्र आणून या चिठ्ठ्यांवरचे पत्ते जुळवतो. या नावांना सिम्बॉल म्हणतात.

तिसरा लोडर, ज्याला डायनॅमिक लिंकर असंही म्हणतात. प्रोग्रॅम चालवताना शेअर्ड लायब्ररी शोधून जोडून देणं हे त्याचं काम.

ज्यांनी सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग हा विषय घेतला होता त्यांना आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांचं पुस्तक आठवत असेल. त्यात लिंकरवर स्वतंत्र प्रकरण आहे. परीक्षेपुरतं वाचून सोडून दिलं असेल तर आता परत काढा, या वेळी ते वेगळं वाटेल.

मुद्दा असा की एरर वाचताना पहिला प्रश्न ‘काय चुकलं’ हा नसतो, ‘कोण बोलतंय’ हा असतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे लिंकरचे शब्द. म्हणजे कंपायलरचं काम सुखरूप पार पडलंय. तुमच्या सी कोडमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही. आपल्या विद्यार्थिनीच्या मित्राने हेडर फाइल बदलून बघायला सांगितलं होतं. त्याने काहीच झालं नसतं, कारण हेडर कंपायलर वाचतो, लिंकर नाही.

बाजाराची एकच फेरी

तिच्या मेकफाइलमधून चालणारी आज्ञा अशी होती:

जीसीसी -एलएम भरती.ओ -ओ भरती

‘-एलएम’ म्हणजे गणिताची लायब्ररी जोड. मग ‘कॉस’ सापडत का नाही? लायब्ररी तर सांगितली आहे!

इथे लिंकरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. तो आज्ञेतल्या गोष्टी डावीकडून उजवीकडे एकदाच बघत जातो. आठवडी बाजारात यादी घेऊन एकच फेरी मारणाऱ्या माणसासारखा. ऑब्जेक्ट फाइल आली की तिच्यातल्या चिठ्ठ्या यादीत चढतात. लायब्ररी आली की ते एक दुकान. यादीतलं काही तिथे मिळालं तर घ्यायचं आणि पुढे जायचं. मागे फिरायचं नाही.

आता वरची आज्ञा परत बघा. पहिलंच आलं गणिताचं दुकान, आणि त्या क्षणी यादी कोरी. ‘कॉस’ यादीत चढला त्यानंतर, भरती.ओ आल्यावर. तोवर दुकान मागे पडलं होतं.

मग डेबियनवर हीच आज्ञा चालत होती ती कशी? कारण शेअर्ड लायब्ररीच्या बाबतीत तिथला लिंकर उदार आहे. यादीत काही असो वा नसो, वाटेत लागलेल्या प्रत्येक शेअर्ड लायब्ररीशी तो खातं उघडून ठेवतो. पुढे ‘कॉस’ लागला की ते खातं उपयोगी पडतं. उबुंटूने मात्र ११.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११पासून, जीसीसीच्या मूळ सेटिंगमध्येच ‘--ॲज-नीडेड’ हा पर्याय घातलाय. त्याचा अर्थ: त्या क्षणी गरज असेल तरच लायब्ररी जोड, नाहीतर सोडून दे. हेतू चांगला आहे. प्रोग्रॅमच्या गळ्यात नको त्या लायब्ररींचं लोढणं पडत नाही. पण चुकीच्या क्रमाची उणीव लगेच उघडी पडते.

म्हणजे कोड तोच, आज्ञाही तीच, पण आपण न लिहिलेली एक सूचना दोन मशीनांवर वेगळी. मशीनामशीनांतला फरक बहुतेक वेळा असाच असतो. तो तुम्ही टाइप केलेल्या आज्ञेत दिसत नाही.

न दिसणारा फरक दिसेल कसा

इथपर्यंत जे सांगितलं ते आपलं अनुमान. संशोधनात अनुमानाला पुरावा लागतो, डिबगिंगलाही लागतो. आम्ही तीन गोष्टी केल्या.

एक. दोन्ही मशीनांवर तीच आज्ञा ‘-व्ही’ लावून चालवली. त्याने जीसीसी लिंकरला प्रत्यक्षात काय सांगतो ती लांबलचक ओळ छापली जाते. दोन्ही ओळी फाइलमध्ये ठेवून डिफ काढला. उबुंटूच्या ओळीत सुरुवातीलाच ‘--ॲज-नीडेड’ दिसलं. इथे एक बारकावा आहे: डेबियनवरही हा शब्द दिसू शकतो, पण ओळीच्या शेवटी, जीसीसीच्या स्वतःच्या एका लायब्ररीपुरता. त्यामुळे शब्द आहे की नाही एवढंच बघू नका, कुठे आहे तेही बघा.

दोन. उबुंटूवर ‘--नो-ॲज-नीडेड’ देऊन बघितलं. बिल्ड झालं.

तीन. डेबियनवर मुद्दाम ‘--ॲज-नीडेड’ दिलं. बिल्ड मोडलं, आणि एरर अक्षरशः तीच आली.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. नवीन मशीनवर काहीतरी केलं आणि चाललं, की झालं, असं वाटतं. पण त्यातून तुमचं कारण खरं होतं हे सिद्ध होत नाही, दुसऱ्याच कशाने तरी चाललं असेल. जुन्या, चालत्या मशीनवर तुम्ही ठरवून तीच एरर आणू शकलात, तर कारण पकडलं असं म्हणता येतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तर प्रयोगशाळेत पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं.

एक खबरदारीही सांगतो. अशा वेळी छोटा नमुना प्रोग्रॅम लिहून बघणं ही चांगली सवय आहे, पण त्यात ‘कॉस’ला थेट आकडा देऊ नका. समजा ०.५ दिलं, तर जीसीसी बिल्ड करतानाच उत्तर काढून टाकतो, ‘कॉस’ची चिठ्ठीच लिहिली जात नाही, आणि लायब्ररी न जोडताही प्रोग्रॅम बिल्ड होतो. मग तुम्ही भलताच निष्कर्ष काढता. किंमत बाहेरून वाचून घ्या.

दुरुस्ती, आणि तात्पुरती मलमपट्टी

‘--नो-ॲज-नीडेड’ लावून काम झालं होतं. मग तेच मेकफाइलमध्ये ठेवून द्यायचं का? नाही. तो निदानासाठी होता. खरी दुरुस्ती म्हणजे क्रम बरोबर करणं: आधी ऑब्जेक्ट फाइल, शेवटी लायब्ररी.

जीसीसी भरती.ओ -एलएम -ओ भरती

हे दोन्ही मशीनांवर चालतं. तिच्या मेकफाइलमध्ये ‘-एलएम’ हे ‘एलडीफ्लॅग्ज’ या चलात लिहिलं होतं. मेकच्या अंगभूत नियमात हे चल ऑब्जेक्ट फाइल्सच्या आधी येतं. लायब्ररीसाठी ‘एलडीलिब्ज’ नावाचं वेगळं चल आहे आणि ते शेवटी येतं. बदल एका शब्दाचा होता. तुमच्याकडे सिनिअरकडून आलेली मेकफाइल असेल, तर आधी हेच तपासा.

लॅपटॉपवर झालं, क्लस्टरवर अडलं

गोष्ट इथे संपली नाही. प्रोग्रॅममध्ये खाडीच्या तळाच्या घर्षणाचाही हिशोब होता. त्यात खोलीचा एक-तृतीयांश घात काढायला ‘पॉव’ हे फंक्शन लागत होतं. बऱ्याच वेळा चालवायचं म्हणून लॅपटॉपवर बिल्ड झालेली फाइल तिने एका क्लस्टरवर कॉपी केली. तिथे सेंटओएस ७ होतं. आता एरर अशी:

‘व्हर्जन जीलिबसी_२.२९ नॉट फाउंड’

परत पहिला प्रश्न: कोण बोलतंय? बिल्ड तर आधीच झालंय. प्रोग्रॅम सुरू करतानाच थांबलाय. म्हणजे या वेळी तक्रार लोडरची.

जीलिबसी ही लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या पायाशी असलेली लायब्ररी. तिच्यातल्या सिम्बॉलना आवृत्तीचा शिक्का असतो. २.२९ या आवृत्तीत ‘पॉव’, ‘एक्स्प’ आणि ‘लॉग’ यांना नवीन शिक्का मिळाला. उबुंटू २०.०४मध्ये जीलिबसी २.३१ आहे, म्हणून तिथे लिंकरने नवीन शिक्क्याचा ‘पॉव’ जोडला. सेंटओएस ७मध्ये जीलिबसी २.१७. तिथे ‘पॉव’ आहे, पण तो शिक्का नाही. गंमत म्हणजे ‘कॉस’चा शिक्का बदललेला नव्हता. फक्त कोसाइनची बेरीज असती तर हीच फाइल या अडचणीशिवाय सुरू झाली असती! हे ‘एनएम -डी’ या आज्ञेने स्वतः बघता येतं. प्रत्येक सिम्बॉलच्या पुढे त्याचा शिक्का छापून येतो.

नियम लक्षात ठेवा: जुन्या जीलिबसीवर बनवलेलं नवीनवर चालतं, नवीनवर बनवलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. म्हणून क्लस्टरवर सोर्स कोड न्यायचा आणि तिथेच बिल्ड करायचं. ते जमत नसेल तर कंटेनर वापरायचा. लॅपटॉपवरची जीलिबसी उचलून क्लस्टरच्या फोल्डरमध्ये टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लोडर आणि जीलिबसी यांची जोडी असते, एकच बदलली तर साध्या आज्ञाही कोसळू शकतात.

हीच गोष्ट, आणखी तीन रूपांत

‘जुनं मशीन उणीव झाकतं’ म्हणालो, पण कधी कधी नवीन मशीनही झाकतं. तीन ओळखीची उदाहरणं देतो.

पहिलं, शेजाऱ्याच्या नळाचं पाणी. तुम्ही लायब्ररी ‘अ’ जोडता. ‘अ’ला स्वतःसाठी ‘ब’ लागते. तुम्हीही ‘ब’मधलं फंक्शन वापरता, पण ‘ब’ जोडायचं सांगत नाही. जुना लिंकर ‘अ’च्या ओळखीने ‘ब’ देऊन टाकायचा. फेडोराने २०१०मध्ये १३व्या आवृत्तीत हे बंद केलं, पुढे मूळ लिंकरनेही तेच केलं. आता ‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ अशी एरर येते. उपाय सरळ आहे: जे वापरता ते स्वतः मागा.

दुसरं, एका नावाचे दोन मालक. हेडर फाइलमध्ये ‘इंट गणती;’ असं जागतिक चल लिहिलं आणि ते हेडर दोन सी फाइल्सनी घेतलं. जीसीसी ९पर्यंत ही दोन्ही चलं मुकाट्याने एक केली जायची. मे २०२०मध्ये आलेल्या जीसीसी १०ने ही सवलत काढली, आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’ची एरर येऊ लागली. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहा आणि खरी व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवा. ‘-एफकॉमन’ लावून जुनी सवलत परत मिळते, पण ती मलमपट्टी.

तिसरं उलट दिशेचं. ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ने थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीतच सामावून घेतली. त्यामुळे उबुंटू २२.०४वर ‘-पीथ्रेड’ लिहायचं विसरलात तरी चालून जातं. तोच कोड जुन्या क्लस्टरवर नेलात की ‘पीथ्रेड_क्रिएट’ सापडत नाही. इथे झाकणारं मशीन नवीन आहे.

तिन्हींत समान धागा एकच: प्रोग्रॅमला काय लागतं हे पूर्ण लिहिलेलं नव्हतं, आणि एका मशीनने ते चालवून घेतलं.

एरर येत नाही तेव्हा जास्त सांभाळा

एरर आली तर निदान कळतं तरी. खरा धोका एरर न देता वेगळी लायब्ररी जोडली जाते तेव्हा असतो. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलात कुणीतरी एक फोल्डर घालून ठेवलेला असतो, किंवा कोंडाचं एन्व्हायर्न्मेंट चालू असतं, आणि लोडर तिथली लायब्ररी उचलतो. प्रोग्रॅम चालतो, आकडेही येतात.

भरतीच्या नोंदींमधून प्रत्येक लाटेची उंची काढताना समीकरणांचा मोठा संच सोडवावा लागतो. त्यासाठी ब्लास आणि लापॅक या लायब्ररी वापरतात, आणि त्या अनेक बनावटींच्या मिळतात. संगणकात दशांशी आकड्यांची बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर शेवटचे अंक बदलतात, त्यामुळे दोन बनावटींची उत्तरं शेवटच्या अंकांत वेगळी येऊ शकतात. एरवी त्याने काही बिघडत नाही.

पण समजा तुमच्याकडे एकाच महिन्याच्या नोंदी आहेत, आणि १२.०० तासांची सूर्याची लाट व ११.९७ तासांची तिच्या शेजारची लाट या दोन्ही तुम्ही वेगवेगळ्या काढायचा प्रयत्न करताय. या दोघींना नीट वेगळं करायला सुमारे १८३ दिवसांच्या नोंदी लागतात. महिन्याभराच्या नोंदींवर गणित इतकं नाजूक होतं की आकड्यांतला बारीकसा फरक उत्तरात अनेक पटींनी वाढून दिसतो. अशा वेळी दोन मशीनांवरची उत्तरं जुळली नाहीत, तर लायब्ररीच्या नावाने खडे फोडू नका. तुम्ही नोंदींकडे जास्त मागताय, असं ती तफावत सांगत असते. चूक लिंकिंगमध्ये नसून पद्धतीत आहे, हे अशा तफावतीतूनच कळू शकतं.

कोणती लायब्ररी जोडली गेली हे बघायला ‘एलडीडी’ ही आज्ञा पुरते. प्रोग्रॅमचं नाव द्या, यादी आणि पत्ते मिळतात. ती फक्त आपल्या, विश्वासातल्या प्रोग्रॅमवर चालवा. अनोळखी फाइल असेल तर ‘रीडएल्फ -डी’ वापरा. ती फाइल फक्त वाचते, चालवत नाही.

वहीत काय लिहून ठेवायचं

रासायनिक प्रयोगात कोणत्या कंपनीचं, किती शुद्धतेचं रसायन वापरलं हे आपण लिहितो. इथेही तसंच. प्रत्येक महत्त्वाच्या निकालासोबत एवढं ठेवा:

१. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती.
२. जीसीसी, एलडी आणि जीलिबसी यांच्या आवृत्त्या. जीलिबसीची ‘एलडीडी --व्हर्जन’ने कळते.
३. बिल्डची पूर्ण आज्ञा, ‘-व्ही’च्या छापील उत्तरासकट.
४. ‘एलडीडी’ची यादी.
५. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये काय होतं ते.

हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात, आणि एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घातलं तर तेवढीही नाहीत. दोन वर्षांनी पेपरचा परीक्षक “हा आलेख पुन्हा काढून दाखवा” म्हणेल तेव्हा लॅबमधलं ते मशीन भंगारात गेलेलं असेल. उरेल ती ही पाच ओळींची नोंद.

पीएचडीला प्रवेश घेण्याआधी एक सराव करून बघा. तुमचा आत्ता चालणारा कुठलाही प्रोग्रॅम घ्या आणि मित्राच्या, शक्यतो वेगळ्या डिस्ट्रोच्या, मशीनवर अगदी कोऱ्या फोल्डरमध्ये बिल्ड करा. अडला तर लगेच इंटरनेटवर एरर शोधू नका. आधी कागदावर तीन ओळी लिहा: कोण बोलतंय, काय मागतंय, आणि दुसऱ्या मशीनवर ते त्याला कोण देत होतं. तिसऱ्या ओळीचं उत्तर सापडलं की दुरुस्ती सहसा एका शब्दाची असते.